देखरेख

कुंडलमध्ये डॉक्टर अश्फाक मुलाणीचा दवाखाना सोळा वर्षं चालला. त्यातली शेवटची दोन वर्षं तो तिथून निघायच्या तयारीला लागला होता, आणि ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. एक त्याची बायको रुमाना, दुसरा ऑस्ट्रेलियातला त्याचा मित्र धैर्यशील थोरात. निदान अश्फाकची समजूत तशी होती.

दोघंही कुंडलचेच. अश्फाकचे वडील चांदसाहेब यांचं चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि धैर्यशीलचे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, चांगली उसाची जमीन, गावात शब्दाला वजन. पोरं एकाच वर्गात बसली, एकाच वर्षी मिरजेला डॉक्टरकीला लागली, एका खोलीत राहिली. पुढे धैर्यशीलनं परदेशी जायचं मनावर घेतलं, आणि पहिल्या खेपेला तो साफ आपटला. तिथली परीक्षा नुसती रोगांची नव्हती, बोलण्याची होती. समोर बसलेल्या माणसाला बोलतं कसं करायचं, त्याच्या मनातली भीती कशी काढून घ्यायची, वाईट बातमी कशी सांगायची, हे सगळं घड्याळ लावून करून दाखवायचं. धैर्यशील हुशार खरा, पण समोरचा रडायला लागला की त्याची वाचाच बसायची.

मग अश्फाक दर रविवारी त्याचा पेशंट व्हायला लागला. कधी छातीत दुखणारा मेंढपाळ, कधी दारू लपवणारा मास्तर, कधी मूल गेलेली बाई. बाईचं सोंग त्यानं इतकं खरं वठवलं होतं, की सोप्यात धान्य निवडत बसलेल्या धैर्यशीलच्या आईनं, रंगूबाईंनी, सूप खाली ठेवून डोळ्याला पदर लावला होता. असे पस्तीस रविवार गेले. दुसऱ्या खेपेला धैर्यशील पास झाला आणि विमानात बसला. अश्फाकनंही अर्ज भरून ठेवला होता, पण त्याच महिन्यात चांदसाहेबांचं अर्धं अंग गेलं. बापाला तसं टाकून जाणं त्याला जमलं नाही. अर्ज राहिला तो राहिलाच.

धैर्यशील गेल्यावर त्याच्या आईबापांचं दुखणंखुपणं आपोआप अश्फाककडे आलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. दर गुरुवारी दुपारी दवाखाना उरकला की तो थोरातांच्या घरी जायचा, रंगूबाईंची साखर बघायचा, लालासाहेबांच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा. लालासाहेबांना छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिकेची वाट न बघता त्यानंच त्यांना आपल्या मोटारीत घातलं होतं आणि सांगलीला पोचेपर्यंत एक हात स्टिअरिंगवर आणि एक हात त्यांच्या मनगटावर ठेवला होता. धैर्यशील आईबापांची खुशाली आईबापांना विचारायचा नाही. अश्फाकला विचारायचा. दहा वर्षं हे असंच चाललं.

चांदसाहेब गेले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी गावात मोबाइलवर एक मेसेज फिरला. आपला पैसा आपल्याच माणसाच्या दवाखान्यात जाऊ द्या, अशा अर्थाचा. नाव कुणाचं नव्हतं, पण गावात दवाखाने होतेच किती. पंधरा दिवस अश्फाकच्या दवाखान्यातला बाक निम्मा रिकामा राहिला. मग कुणाला ताप आला, कुणाचं पोर फणफणलं, आणि माणसं एकेक करून परत आली. परत आली ती जशी काही गेलीच नव्हती. त्या मेसेजबद्दल एकानंही तोंडातून शब्द काढला नाही, आणि अश्फाकला लागलं ते हेच. शिव्या दिल्या असत्या तरी त्यानं सोसल्या असत्या. तो राहायला सांगलीत, रोज कुंडलला ये-जा करायचा; त्या रविवारी विश्रामबागेतल्या घरात तो रुमानाला म्हणाला, आपण जाऊ या. मुलीची दहावी झाली की जाऊ. रुमाना शाळेत शिकवायची, तिचं सगळं माहेर सांगलीत, पण तिनं का म्हणून विचारलं नाही.

धैर्यशीलला तर आनंदच झाला. तोवर त्यानं तिकडं गव्हा-मेंढ्यांच्या मुलखातल्या एका लहान गावी भागीदारीत दवाखाना थाटला होता आणि त्याला तिथं आणखी एक डॉक्टर हवाच होता. त्या देशात बाहेरून शिकून आलेल्याला एकदम खुर्ची मिळत नाही. आधी लेखी परीक्षा, मग इंग्रजीची, मग मुलाखत. शिवाय तिथला एखादा जुना डॉक्टर लागतो. तो लिहून देतो की या माणसाला मी माझ्या देखरेखीखाली घेतो, त्याच्या कामाची जबाबदारी माझी. हे कुणी लिहून दिलं नाही तर बाकीच्या परीक्षांचा काही उपयोग नसतो.

"ते माझ्यावर सोड गड्या," धैर्यशील फोनवर म्हणाला होता. "तू नुसत्या परीक्षा काढ."

अश्फाकनं परीक्षा काढल्या. त्रेचाळिसाव्या वर्षी, पेशंटच्या दोन पाळ्या सांभाळून, पहाटे उठून पुस्तकं वाचून काढल्या. डिसेंबरात धैर्यशील दहा दिवसांसाठी गावी आला तेव्हा म्हणाला, मला तुझं काम बघावं लागेल, तसं कागदावर लिहायचं असतं. आणि तो दोन दिवस अश्फाकच्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसला, मांडीवर वही घेऊन.

ते दोन दिवस नेहमीसारखेच होते. सकाळपासून बाक भरलेला, बाहेर पायरीवर माणसं, कारखाना सुरू झाल्यामुळे ऊसतोडीच्या टोळ्यांतली खोकणारी पोरं. एकेकाला तीन मिनिटं मिळाली तर खूप. बनुबाई आत आल्या, सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागल्या, आणि अश्फाक मान खाली घालून औषध लिहीत राहिला, कारण ती गाऱ्हाणी त्याला पाठ होती आणि औषधही तेच होतं. एकाला त्यानं तंबाखूवरून झापलं. एकानं सुईचा हट्ट धरला, त्याला त्यानं हाकललं.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई आल्या. पासष्टीच्या, सकाळी शेतात भांगलणीला जाऊन आलेल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पित्त वाढलंय डाक्टर. एक इंजेक्शन मारा, जाते." अश्फाकनं त्यांच्याकडे बघितलं. डिसेंबराची सकाळ, आणि त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. त्यानं मनगट धरलं आणि ओरडला, "पित्त न्हाई हे. गप पडून राहायचं, उठायचं न्हाई." तिथल्या तिथं हृदयाचा आलेख काढला, गोळी चावायला लावली, बाहेर उभ्या असलेल्या कुणाची तरी जीप थांबवली आणि त्यांना सांगलीला पाठवलं. सगळं मिळून दहा मिनिटं. हरणाबाई वाचल्या. आठवड्यानं त्यांच्या लेकानं पेढे आणले तेव्हा धैर्यशील परत गेलेला होता.

पुढचे पाच महिने अश्फाक मुलाखतीची तयारी करत राहिला. आता धैर्यशील पेशंट व्हायचा, व्हिडिओवरून, आणि अश्फाक डॉक्टर. पूर्वीसारखी मजा त्यात येत नव्हती. धैर्यशील सारखा घड्याळाकडे बघायचा, मध्येच त्याला कुणाचा तरी फोन यायचा. काम वाढलंय, असं अश्फाक मनाशी म्हणायचा. मुलाखत झाली. ती बरी गेली असं त्याला वाटलं. मग जून गेला, जुलै गेला. विचारलं की धैर्यशील म्हणायचा, कागदपत्रं अडकलीत, इथलं सरकारी काम असंच असतं. ऑगस्टमध्ये तिथल्या वैद्यकीय मंडळाचं दोन ओळींचं पत्र आलं. सदर जागेसाठी उमेदवार योग्य नाही.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की निर्णयाला आधार असलेले कागद उमेदवाराला मागवता येतात. अश्फाकनं मागवले. तीन आठवड्यांनी आले. मुलाखतीत त्याला बरे गुण होते. नाकारला गेला होता तो चार पानी अहवालामुळे, आणि खाली सही धैर्यशीलची होती.

अश्फाकनं तो दवाखान्यातच वाचला, दोन पेशंटांच्या मध्ये. उमेदवार पेशंटचं म्हणणं पुरतं ऐकून घेत नाही. पेशंट बोलत असताना लिहीत राहतो. चढ्या आवाजात बोलतो, उपदेश करतो. उपचाराबाबत पेशंटचं मत विचारत नाही. एका वृद्ध महिलेला हृदयविकाराची शंका असताना उमेदवारानं तिला काहीही समजावून न सांगता 'गप' असे शब्द वापरले. ती बाई जगली, हे चार पानांत कुठंही नव्हतं. शेवटी लिहिलं होतं की या डॉक्टरवर फार बारीक देखरेख ठेवावी लागेल आणि तेवढी मला शक्य नाही.

त्यानं धैर्यशीलला फोन लावला. धैर्यशील म्हणाला, "त्यात एक तरी शब्द खोटा आहे का, सांग."

अश्फाकनं समोरची चार पानं पुन्हा चाळली. खोटा शब्द एकही नव्हता.

"मला तोंडावर सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"कसं सांगणार होतो रं," धैर्यशील म्हणाला, आणि मग इथले कायदे किती कडक आहेत, एका तक्रारीनं दवाखाना कसा बंद पडतो, त्याच्या भागीदाराचं काय म्हणणं पडलं, हे तो बराच वेळ सांगत राहिला. अश्फाकनं ऐकून घेतलं.

आणि नवल असं, की त्यानं ते मनालाही लावून घेतलं. आपलं चुकलंच, असं त्याला वाटायला लागलं. सोळा वर्षं आपण माणसांना गुरांसारखं तपासलं, असं तो रुमानाला म्हणाला. ती म्हणाली, गुरांसारखं तपासलं असतंत तर माणसं परत आली नसती. पण त्याला ते पटलं नाही. दोन महिने त्यानं आपली रीत बदलून बघितली. पेशंट आला की हातातलं पेन खाली ठेवायचा आणि विचारायचा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल? माणसं गोंधळून जायची. बनुबाई तर बाहेर जाऊन सांगत सुटल्या की डॉक्टरचं डोकं फिरलंय वाटतं, मलाच इचारतोय काय झालंय म्हणून. दुपारची पाळी संध्याकाळपर्यंत लांबायला लागली, बाकावर माणसं चुळबुळ करायला लागली. तरी त्यानं सोडलं नाही. आपल्याला अजून शिकता येईल, पुढच्या वर्षी दुसरीकडे कुठंतरी अर्ज करता येईल, अशी आशा त्याला होती.

ती आशा एका गुरुवारी रंगूबाईंनी मोडली, आणि तीही मायेपोटी. साखर बघून झाल्यावर त्यांनी त्याच्या पुढ्यात चहा ठेवला आणि शेजारी बसून म्हणाल्या, "बरं झालं बाबा, तुझं तिकडचं फिसकाटलं ते. माझ्या तर जिवात जीव आला. ह्यांनी धैर्याला तवाच सांगितलं व्हतं, तू एक गेलास ते गेलास, त्याला नगं नेऊ. आमाला बघायला कोन हाय मग."

अश्फाकनं कप खाली ठेवला. त्यानं विचारलं, कधी सांगितलं होतं. रंगूबाई सहज सांगत गेल्या. डिसेंबरात, धैर्या आलता तवा. परत जायच्या आदल्या दिवशी. बाप-लेक लय वेळ बोलत बसले व्हते, पोरगा नाही नाही म्हणत व्हता, मग ह्यांनी शपथ घातली.

लालासाहेब बाहेर सोप्यात आरामखुर्चीवर बसले होते. अश्फाक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. नेहमीसारखं त्यांनी दंड पुढे केला, बाही वर सारली. अश्फाकच्या हातात पट्टा नव्हता.

"आबा, तुम्ही धैर्यशीलला सांगितलंत, मला नेऊ नको म्हणून?"

म्हातारा फौजी होता. त्यानं नजर चुकवली नाही. "व्हय. सांगितलं. एक पोरगं गेलं, तवा गप बसलो. दुसरंबी घालवून बसू?"

"मी तुमचा पोरगा असतो तर मला विचारलं असतंत."

"इचारलं असतं तर तू ऱ्हायला असतास?"

"नाही."

"मग?" लालासाहेब म्हणाले, जणू त्यातच सगळं आलं.

अश्फाकच्या मनात बरंच काही होतं, पण बाहेर पडलं ते एकच. "तो मेसेज फिरत होता, आबा, तेव्हा तुम्ही रोज चौकात बसत होता. तुम्ही एक शब्द बोलला असता तर गावानं ऐकलं असतं. पंधरा दिवस माझा बाक रिकामा होता. तेव्हा पोरगा आठवला नाही तुम्हाला."

लालासाहेबांनी बाही खाली ओढली. आतून रंगूबाईंनी विचारलं, चहा निवतोय की रं. अश्फाक चपला घालून बाहेर पडला.

सांगलीला घरी जाताना भिलवडीपर्यंत तो एकच गोष्ट उलगडत राहिला. अहवालातले शब्द खरे होते, आणि ते लिहिण्यामागचं कारण दुसरंच होतं. मग त्या खऱ्याला खरं म्हणायचं की काय म्हणायचं? धैर्यशीलनं ते दोन दिवस वही घेऊन काय बघितलं होतं? बघताना आधीच बापाचा शब्द कानात होता, की तो नंतर पडला? रंगूबाईंच्या सांगण्यावरून नंतरच. म्हणजे वही आधी भरलेली होती, आणि शपथेनं त्यातलं काय घ्यायचं नि काय गाळायचं ते ठरवलं. की तो तसंही तेच लिहिणार होता? विचारायचं तर एकाच माणसाला विचारता आलं असतं, आणि तो काय सांगेल यावर आता विश्वास ठेवायचा कसा. अश्फाकनं फोन केला नाही.

दिवाळीनंतर त्यानं दवाखाना बंद केला. गावानं त्याचा सत्कार केला. ग्रामपंचायतीच्या सभागृहात शाल, श्रीफळ, फेटा. भाषण गावचे पुढारी नानासो यांनी केलं. मेसेज पहिल्यांदा कुणाच्या मोबाइलवरून सुटला होता हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि नानासोंनाही ठाऊक होतं की अश्फाकला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणजे गावाचा देवमाणूस, जातपात न बघता सेवा केली, असं नानासो म्हणाले. टाळ्या पडल्या. लालासाहेब पहिल्या रांगेत होते. अश्फाकला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यानं आभार मानले आणि खाली बसला.

नोकरी मिळाली ती लोणंदला, एका कारखान्यात. कामगारांची तपासणी करायची, डोळे, कान, वजन, रक्तदाब, आणि कामास योग्य असा शिक्का मारायचा. ठरलेली वेळ, ठरलेला तक्ता. कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते कळायचं कारण नव्हतं, आणि माणूस कारखान्याबाहेर कोण आहे हे विचारायची तक्त्यात जागाच नव्हती. शनिवारी तो विश्रामबागेत यायचा, सोमवारी पहाटे परत. पुन्हा अर्ज कर, असं रुमाना दोनदा म्हणाली. मग तिनं म्हणायचं सोडलं. कुंडलात त्याच्या जागी शिवतेज नावाचा नवा डॉक्टर बसला होता आणि येईल त्याला सलाईन लावायचा, असं बाजारात भेटणारी माणसं सांगायची. अश्फाक ऐकून घ्यायचा.

मार्चमध्ये एका दुपारी कारखान्याच्या फाटकावरून फोन आला. तुमचा कुणी नातेवाईक आलाय, म्हणाले. अश्फाक बाहेर आला तर पहारेकऱ्याच्या खोलीत बाकावर लालासाहेब बसले होते. किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसून एकटे आले होते. धोतराखाली पाय सुजून गच्च झालेले, बोलताना मध्येच श्वास घ्यायला थांबत होते. शिवतेजनं दोनदा सलाईन लावलं, म्हणाले. ज्या माणसाच्या अंगात आधीच पाणी साठलंय त्याला सलाईन, असं अश्फाकच्या मनात आलं. त्यानं तिथंच बाकावर त्यांना तपासलं, पाठीला कान लावला, घोट्यावर बोट दाबून बघितलं. खड्डा तसाच राहिला. त्यानं सलाईन बंद करायला सांगितलं, पाणी उतरायची गोळी लिहून दिली आणि सांगलीच्या ओळखीच्या हृदयरोग डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, फोनही करून ठेवला. उद्याच जा, असं बजावलं.

लालासाहेबांनी चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली. "धैर्या म्हनतोय, तिकडं या दोघंबी."

"जा की मग."

"तिकडं कोन वळकतंय आमाला." त्यांनी श्वास घेतला. "तू येशील का उद्या संगं? सांगलीला?"

अश्फाकच्या तोंडाशी 'येतो' आलं होतं. दहा वर्षांची सवय होती ती. पण म्हाताऱ्यानं अजूनही, त्या गुरुवारनंतरही, एका शब्दानं चुकलो म्हटलं नव्हतं. आताही तो मागत होता, ते हक्कानंच.

"मला ड्यूटी आहे," अश्फाक म्हणाला. "कुणाला तरी सोबत घेऊन जा. आणि परतीची गाडी चुकवू नका."

त्यानं पहारेकऱ्याला रिक्षा बोलवायला सांगितली आणि तो आत निघून गेला. आत पोरं शर्ट काढून रांगेत उभी होती.

चौथ्या दिवशी सांगलीहून त्या हृदयरोग डॉक्टरांचा फोन आला. तुम्ही ज्यांना पाठवणार होता ते सुभेदार आलेच नाहीत, मी जागा धरून ठेवली होती, तुम्ही जरा चौकशी करता का. कुंडलात चौकशी करायला अश्फाककडे वीस तरी नंबर होते. थोरातांच्या घरचा तर पाठच होता.

"ते माझे पेशंट नाहीत आता," तो म्हणाला. "त्यांचा मुलगा डॉक्टर आहे, ऑस्ट्रेलियात. नंबर देतो, लिहून घ्या."

नंबर देऊन त्यानं फोन ठेवला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.